खोडता येणारी शाई

पेन विकत घेणारा माणूस आधी ते चालवून पाहतो. त्यासाठी आमच्या काउंटरवर पाठकोऱ्या कागदांचं एक पॅड दोरीने बांधून ठेवलेलं असतं. त्यावर कोण काय लिहील हे मला आता पाठ झालं आहे. मास्तर लोक बरोबरची खूण करतात. बायका स्वतःचं नाव लिहितात आणि लगेच गिरवून खोडतात. कॉलेजची मुलं इंग्रजीत लांबलचक सही करतात, जी त्यांनी अजून कुठेच केलेली नसते. ट्रकवाले नुसती वेटोळी काढतात. पेन चालतं की नाही, एवढंच त्यांना बघायचं असतं.

वणीतल्या या स्टेशनरी-झेरॉक्सच्या दुकानात मी सहा वर्षांपूर्वी तात्पुरती म्हणून उभी राहिले. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. गावाहून, मुकुटबनहून, रोज बसने शाळेत यायचे. गावातले लोक अजून वडिलांना विचारतात, "एवढी इंग्लिशमंदी शिकली अन् झेरॉक्स काढते काहून?" वडील कापसाकडे बघतात. मीही काही बोलत नाही. न बोलणं मला लहानपणापासून जमतं. दुकानात ते चालून जातं, कारण गिऱ्हाइकालाच बोलायचं असतं.

मधल्या रिकाम्या वेळात मी त्या पॅडच्या उरलेल्या कोपऱ्यांत समोरची माणसं काढायला लागले. हातात असेल ते पेन, म्हणजे दुकानातलं रोजचंच. निळं, काळं, लाल, हिरवं बॉलपेन, जेलपेन, चमकीचं पेन, स्केचपेन, पुस्तकात ओळी रंगवायचं पिवळं मार्कर. चित्रकारांचं सामान आमच्याकडे येत नाही. आलं तरी ते कुणी घेणार नाही.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. साधं बॉलपेन हे सगळ्यांत समजूतदार. हलका हात ठेवला तर फिकट उमटतं, दाबलं तर गडद. लालवर निळं, त्यावर काळं असं एकावर एक चढवता येतं. कातडीचा रंग कुठल्याच पेनात मिळत नाही, तो लाल आणि काळ्याच्या बारीक रेघांतून हळूहळू आणावा लागतो. फक्त टोकाशी शाईची गुठळी जमते, ती दर पाच-सात रेघांनी पुसायची. विसरलं की गालावर मस उगवतो. जेलपेन दिसायला गोड, पण ओलं असताना हात लागला की संपलं. स्केचपेन एकाच जागी दोनदा फिरवलं की कागदाचा भुगा निघतो. चमकीचं पेन फक्त दागिन्यांना. आणि वणीत या सगळ्यावर कोळशाची धूळ बसते. खाणीतून निघालेले ट्रक दुकानासमोरूनच जातात. सकाळी काढलेला पांढरा कागद दुपारपर्यंत पांढरा राहत नाही. मी त्या धुळीचाही उपयोग करते. बोटाने ओढली की चांगली सावली पडते.

लोक बघायला लागले, मग मागायला लागले. बारावीच्या मुलांच्या जर्नलमधल्या आकृत्या, अंगणवाडीचे तक्ते, कुणाच्या पत्रिकेवरचा गणपती. दुकानाचे मालक नानाजी यांनी तर कामाची पाटीच लावली. पाटीही मलाच रंगवायला लावली.

चुकाही तिथूनच सुरू झाल्या. एका मुलाच्या जर्नलमध्ये मी बेडकाचं हृदय लाल आणि निळ्या जेलपेनने काढलं. मुलगा सायकलवर वही काखेत धरून गेला. घामाने शुद्ध रक्त आणि अशुद्ध रक्त एक झालं. दुसऱ्या दिवशी तो परत आला आणि म्हणाला, "सर म्हणतात, हा बेंडूक मेला." एका अंगणवाडीच्या ताईंना पिवळ्या मार्करने मोठं सूर्यफूल काढून दिलं होतं. ते खिडकीसमोर लावलं गेलं. चार महिन्यांनी ताई पेन्सिली न्यायला आल्या तेव्हा शांतपणे म्हणाल्या, "पोरं त्याले आता मोगरा म्हणतात वं."

तेव्हापासून नवीन पेन आलं की मी त्याच्या तीन परीक्षा घेते. एक थेंब पाणी. एक घामट अंगठा. आणि कागदाची पट्टी अर्धी पुठ्ठ्याने झाकून दुकानाच्या काचेला महिनाभर चिकटवायची, म्हणजे उघडी बाजू किती उडाली ते दिसतं. या पट्ट्यांची माझी एक वही आहे. नानाजी तिला पेनांची कुंडली म्हणतात.

खोडता येणारी पेनं आली तेव्हा त्यांनी तिन्ही परीक्षा बऱ्यापैकी पार केल्या. आठ रंगांचा डबा. प्रत्येक पेनाच्या मागे प्लास्टिकचं बोंडूक असतं, त्याने घासलं की शाई गायब. कागद खरवडत नाही, डाग राहत नाही. ती पेनं हातात आल्यावर मला किती हलकं वाटलं ते इथे लिहायला हरकत नाही. बॉलपेनने काढताना प्रत्येक रेघ जपून ओढावी लागते, कारण ती परत घेता येत नाही. गिऱ्हाईक समोर बसून बघत असतं, मागून दोघं वाकलेले असतात. ही पेनं आल्यावर मी बेधडक काढायला लागले. कुणाला नाक नको असलं की नाक खोडायचं. वाद नाही, बोलणं नाही.

डब्याच्या मागे मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत सूचना होती. महत्त्वाच्या कागदपत्रांना वापरू नये. जास्त उष्णतेत शाई नाहीशी होईल. गोठवणाऱ्या थंडीत ती पुन्हा दिसू शकेल. दुकानात ती वाचणारी मी एकटीच. नानाजींना मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नव्हतं.

मागच्या वर्षी, संक्रांत झाल्यावर, देविदासभाऊ त्यांच्या आईला घेऊन आले. देविदासभाऊ कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर आहेत, राहणारे वणीपासून जवळच्याच एका तांड्यातले. आई ऐंशीच्या घरातली. तांड्यात आता बहुतेक बायका साडी नेसतात, पण या बाईंनी आपला बंजारा पेहराव सोडलेला नव्हता. आरसे जडवलेली कांचळी म्हणजे चोळी, लाल ओढणी, हातभर पांढऱ्या बांगड्या, आणि केसांना अडकवून दोन्ही गालांवर सोडलेल्या चांदीच्या घुगऱ्या. मान हलवली की त्या वाजत. दुकानातल्या सगळ्यांनी एकदा तरी वळून पाहिलं. बाईंनी कुणाकडेच पाहिलं नाही. त्या झेरॉक्स मशीनकडे बघत होत्या.

आधार कार्डाची झेरॉक्स हवी होती. कार्ड इतकं झिजलेलं की पहिली प्रत काळीकुट्ट निघाली. बाई त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. तोंड चांगलं उघडून. समोरचे दोनच दात होते.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"याडी म्हणते, एवढा उजेड पाडून हे मशीन काळंच काढून देते," देविदासभाऊ म्हणाले. याडी म्हणजे आई.

त्यांचं बोलणं लागलं म्हणून की काय, तेवढ्यात लाईट गेली.

"बसा बाप्पा," नानाजी म्हणाले. "आता लाईट येईलोक आमी बी तुमच्यासारखेच रिकामे."

बाई स्टुलावर बसल्या. मी नेहमीप्रमाणे पॅडच्या कोपऱ्यात त्यांना काढायला लागले. देविदासभाऊंनी ते पाहिलं आणि म्हणाले, "ताई, असंच मोठ्या कागदावर काढून द्या ना. तिचा फोटोच नाही एक धड. लग्नाच्या फोटोत समद्या जागी घुंगट हाय. अन् आधारवाल्यानं तं दागिने काढाले लावले होते. त्या फोटोत ते कोण हाय तेच समजत नाही."

मी जाड बदामी कागद घेतला आणि खोडता येणारा डबा उघडला. चेहरा त्यातल्या तपकिरी आणि नारिंगीने, ओढणी लालने, डोळे काळ्याने. त्या डब्यात चांदीचा रंग नव्हता, म्हणून घुगऱ्या चमकीच्या पेनाने काढल्या. आरसे साध्या पांढऱ्या जेलपेनने. बांगड्यांची पहिली रांग चुकली, ती खोडली. कान दोनदा काढला. बाई दीड तास हलल्या नाहीत, फक्त मध्ये एकदा ओढणी सारखी करताना माझ्या हाताकडे बघून "छोरी" म्हणाल्या. पुढचं मला कळलं नाही. देविदासभाऊ चहा प्यायला गेले होते, सांगायला कुणी नव्हतं. मी मान हलवली.

तोंड मी तसंच काढलं, जसं मशीनकडे बघून हसताना पाहिलं होतं. उघडं, दोन दातांचं. बाईंना दाखवलं. त्यांनी कागदावरच्या दातांना बोट लावलं आणि ओढणी तोंडाशी धरून खूप वेळ हसत राहिल्या. घुगऱ्या वाजत होत्या.

मग देविदासभाऊ आले. त्यांनी चित्र पाहिलं. "समदं भारी झालं ताई. पण दात नका दाखवू. दोनच राह्यले तिचे. लोकं हासतीन. तोंड मिटून द्या."

बाईंना आवडलंय, एवढं दोन शब्दांचं वाक्य मला म्हणता आलं असतं. मी बोंडकाने चार वेळा घासलं आणि ते हसू काढून टाकलं. तिथे मिटलेले ओठ काढले. चांगले होते, मर्यादेचे होते, आधार कार्डावर असतात तसे. बाईंनी ते पाहिलं आणि त्या पुन्हा झेरॉक्स मशीनकडे बघायला लागल्या.

"लॅमिनेशन करून द्या," देविदासभाऊ म्हणाले.

लॅमिनेशनचं मशीन भट्टीसारखं तापतं. मी म्हणाले, "लॅमिनेशन नको. काचेच्या फ्रेममध्ये चांगलं दिसेल." कारण सांगितलं नाही. फ्रेम कुठे लावणार हेही विचारलं नाही.

पुढचा उन्हाळा कसा होता ते यवतमाळकडच्या वाचकांना सांगायला नको. दुपारी रस्ता मोकळा असायचा आणि दुकानाचं शटर आतूनही हात लावण्यासारखं नसायचं. अशाच एका दुपारी देविदासभाऊ आले. फ्रेम रुमालात गुंडाळलेली होती. काउंटरवर ठेवून त्यांनी रुमाल सोडला.

कागद कोरा होता. अगदी कोरा नाही. चांदीच्या घुगऱ्या तेवढ्या दोन बाजूंना लोंबत होत्या, आणि खाली पांढऱ्या आरशांचे ठिपके. मध्ये चेहरा असतो तेवढी जागा रिकामी.

"ताई," ते म्हणाले, "याडी कुठी गेली?"

मला वाटलं ते चित्राबद्दलच बोलत आहेत. मग ते म्हणाले की त्या होळीच्या आधीच गेल्या. ताप आला, तीन दिवस. तेव्हापासून फ्रेम त्यांनी ट्रकमध्ये, समोरच्या काचेशी, देवाच्या शेजारी ठेवली होती. आज सकाळपासून ट्रक खाणीवर वजनकाट्याच्या लायनीत उभा होता, काचा बंद. ते खाली बाभळीच्या सावलीला बसले होते. परत केबिनमध्ये चढले तर हे.

नानाजी चष्मा वर करून बघत होते. "कोणं कागद तं नाही बदलला?"

"घुगऱ्या त्याच हायेत ना," देविदासभाऊ म्हणाले. मग माझ्याकडे न बघता बोलले, "तिले ट्रकचं भेव वाटे. जित्तेपणी कधी बसली नाही. चाल म्हटलं तं म्हणे, मी पायी येतो. अन् मी मेल्यावर बसवली. आता घरी सांगू का नाही, तेच समजून नाही राह्यलं. बायको म्हणन, बसवली म्हणून उतरून गेली." रुमालाची घडी घालत त्यांनी विचारलं, "माहं चुकलं का ताई?"

मी खरं सांगते, त्या क्षणीही माझ्या मनात पहिला विचार आला तो गप्प राहण्याचा. ऊन फार होतं म्हणाले असते तरी पुरलं असतं. ते खोटंही नव्हतं. ते फ्रेम उचलून गेले असते, आणि आपण आईला नको तिथे बसवलं असं जन्मभर समजत राहिले असते. सकाळपासून उभी राहून माझे पाय भरून आले होते, मशीनच्या गरम हवेने डोकं दुखत होतं, आणि ही पेनं आणल्यापासूनच्या सगळ्या दिवसांचा मला कंटाळा आला होता. माझाच कंटाळा.

"तुमचं नाही," मी म्हणाले. "माझं चुकलं. ती शाईच तशी होती. तापली की जाते. मला माहीत होतं."

नानाजींनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

"माहीत होतं तं बोलली काहून नाही वं?" नानाजी म्हणाले.

माझ्याकडे याचं नेहमीचं उत्तर होतं, कुणी विचारलं नाही. ते मी दिलं नाही.

देविदासभाऊ रागावले असते तर सोपं झालं असतं. ते नुसते त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. मी डब्याच्या मागची सूचना काढून त्यांना मराठीत वाचून दाखवली, तिन्ही वाक्यं. तिसरं वाक्य वाचताना माझा आवाज बदलला असावा, कारण त्यांनी मान वर केली.

"थंडीत परत येते?"

"असं लिहिलंय. मी करून पाहिलेलं नाही."

आमच्या शेजारी रफिकभाईंचं आइस्क्रीमचं दुकान आहे. मी इतक्या वर्षांत त्यांच्याशी "सुट्टे आहेत का" याखेरीज बोलले नव्हते. त्या दिवशी आम्ही दोघं फ्रेममधून कागद काढून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांच्याकडे गेलो.

"हे कोणतं फ्लेवर हाय?" रफिकभाईंनी विचारलं.

"माही आई हाय," देविदासभाऊ म्हणाले.

रफिकभाईंनी डीप फ्रीजमधले कुल्फीचे डबे दोन्ही बाजूंना सारले आणि मध्ये कागद आडवा ठेवायला जागा केली. मग झाकण लावून स्वतः त्याच्यावर हात ठेवून उभे राहिले. एक मुलगी मँगो मागायला आली तर म्हणाले, "आधा घंटा रुक बेटा, आत काम चालू हाय."

अर्ध्या तासाने त्यांनी झाकण उघडलं. पिशवीवर वाफ धरली होती. देविदासभाऊंनी ती शर्टाच्या बाहीने पुसली. आधी घुगऱ्या दिसल्या, मग त्यांच्या मधे, दुधातून वर यावा तसा, चेहरा.

पण मी एक गोष्ट लक्षात घेतली नव्हती. बोंडकाने घासून शाई जाते तीसुद्धा उष्णतेनेच. घासण्याने कागद तापतो, एवढंच. म्हणजे थंडीत उन्हाने गेलेलं परत येतं तसं मी खोडलेलंही परत येतं. बांगड्यांची चुकलेली रांग आली. दोनदा काढलेला कान दोन्ही जागी आला. माझ्या सगळ्या चुका एकदम कागदावर उभ्या होत्या. आणि मिटलेल्या ओठांच्या खालून ते पहिलं तोंड आलं होतं, उघडं, दोन दातांचं.

देविदासभाऊ कागदावर वाकले. रफिकभाईसुद्धा वाकले होते. "हसून राह्यली अम्मा," ते म्हणाले.

"हे दात मीच मिटवाले लावले होते ना?" देविदासभाऊंनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "पण त्यांना आवडले होते. तुम्ही चहाला गेला होता तेव्हा. मी सांगितलं नाही."

त्यांनी कागदावर बोट ठेवलं, दातांवर, अगदी बाईंनी ठेवलं होतं तिथेच. मग म्हणाले, "आता दुसरं काढून द्या. जे जात नाही त्या पेनानं."

आम्ही दुकानात परत आलो. ते त्याच स्टुलावर बसले. मी मूळ चित्र समोर ठेवलं आणि साधी चार बॉलपेनं घेतली, लाल, निळं, काळं, हिरवं. नानाजींनी न सांगता काउंटर सांभाळला. गिऱ्हाइकांना ते पेन दाखवत होते, चालवून घ्यायला पॅड पुढे करत होते, आणि मध्येच कुणाला तरी "हळू बोला बाप्पा" म्हणत होते. ओढणीला तासभर गेला. चेहऱ्याला त्याहून जास्त. दर पाच रेघांनी टोक पुसत होते. कान एकदाच काढला. बोटांच्या घामाने पेन सरकत होतं, मधलं बोट सुन्न झालं होतं, आणि मागे खोडायला काही नव्हतं.

तोंड शेवटी घेतलं. वरचा ओठ, दोन दात, खालचा ओठ. ओठाचा डावा कोपरा काढताना बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला आणि माझी रेघ थोडी वर गेली. काळ्या बॉलपेनची, दाबलेली. मी थांबले. हात आपोआप पेनाच्या मागच्या टोकाकडे गेला, तिथे नुसतं टोपण होतं.

"इथं चुकलं," मी म्हणाले.

देविदासभाऊ उठून आले. काउंटरवर दोन्ही हात टेकून त्यांनी तो कोपरा नीट पाहिला.

"राहू द्या," ते म्हणाले. "आता काहीच मिटवू नका."